बोरामणीचा माळ आणि होटगी रोडची धावपट्टी

सोलापूरकडे विमानतळाच्या दोन जागा आहेत. एक होटगी रोडवरची. ती जुनी, शहराने चहूबाजूंनी वेढलेली आणि आता सुरू झालेली. दुसरी बोरामणी-तांदूळवाडीच्या शिवारात, हैदराबाद रस्त्यालगत, शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवर. ती मोकळी आहे, मोठी आहे, आणि तिच्यावर अजून एकही विमान उतरलेलं नाही. निवडणूक जवळ आली की "बोरामणीला आंतरराष्ट्रीय विमानतळ" ही घोषणा ऐकू येते, निवडणूक सरली की फाइल पुन्हा कपाटात जाते. हे सगळं पैशाअभावी किंवा इच्छाशक्तीअभावी रखडलं, असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. मला ते अपुरं वाटतं. बोरामणीचं खरं दुखणं असं, की तिथे प्रश्न उलट्या क्रमाने विचारले गेले. जमीन आधी घेतली. जंगल आणि परवानग्यांचं नंतर आठवलं. कोण उडणार, कुठे उडणार आणि विमानाच्या पोटातून काय जाणार, हे तर नीट विचारलंच गेलं नाही. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

होटगी रोड: चिमणी आणि त्यानंतर

होटगी रोडची धावपट्टी साधारण २१०० मीटरची. किंगफिशरने २००९-१० च्या सुमारास इथून मुंबईची सेवा चालवून पाहिली, पण ती टिकली नाही. २०१७ मध्ये लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्या फेरीत सोलापूरचं नाव आलं. त्याच यादीतल्या कोल्हापूर, नांदेड, जळगावला पुढे विमानं सुरू झाली आणि सोलापूर तसंच राहिलं. कारण शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी, उंची सुमारे ९० मीटर.

चिमणी नेमकी कशाच्या आड येत होती, हे मात्र फार कमी लोकांना समजावून सांगितलं गेलं. विमानतळाभोवतालच्या आकाशावर काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात. मोठ्या धावपट्टीच्या बाबतीत चार किलोमीटरच्या त्रिज्येत विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर एक सपाट छत धरलं जातं. धावपट्टीच्या टोकांकडून उतरणीचे पृष्ठभाग निघतात आणि उपकरणांच्या मदतीने उतरायच्या मोठ्या धावपट्टीला त्यांचा चढ पन्नास मीटरला एक मीटर इतका मंद ठेवावा लागतो. म्हणजे धावपट्टीपासून दोन किलोमीटरवर, अगदी उतरणीच्या रेषेत, चाळीस मीटरची वस्तूसुद्धा काठावर येते. ९० मीटरची चिमणी या हिशोबात कुठेच बसत नव्हती. दुसऱ्या बाजूला हजारो ऊस उत्पादक सभासदांचा कारखाना होता आणि त्याच्या मिळकतीचा मोठा भाग विजेवर अवलंबून होता. शहर आणि शेतकरी समोरासमोर उभे राहिले, मोर्चे निघाले, उपोषणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली. काही सेकंदांत ती कोसळली, पण त्यामागे शहराची कितीतरी वर्षं गेली होती.

दोन्ही बाजूंच्या लोकांबद्दल आदर ठेवून सांगतो, हा संघर्ष टाळता आला असता. उंचीची मर्यादा कागदावर असते, पण जमिनीवर तिचा पहारा कुणी करत नाही, तेव्हा सहकारी कारखाना आणि नागरी विमानतळ यांच्यासारख्या दोन सार्वजनिक हिताच्या गोष्टी एकमेकींच्या वैरी होतात. बोरामणीसाठी हा धडा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. त्याकडे शेवटी येतो.

पुढचा भाग थोडक्यात. २९ सप्टेंबर २०२४ ला नव्याने सजलेल्या विमानतळाचं पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन झालं. त्यानंतरही विमान यायला महिने लागले. ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ ची गोव्याची सेवा सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरने मुंबई जोडली. मुंबईचं घोडं बराच काळ तिथल्या स्लॉटवर, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरवून मिळणाऱ्या वेळेवर, अडलं होतं. राज्य सरकारने तूट भरून काढण्यासाठी प्रत्येक आसनामागे निधी देऊ केला, ज्याला सगळे व्हीजीएफ म्हणतात, तेव्हा कुठे गणित जमलं.

बोरामणी: साडेपाचशे हेक्टर आणि मधले तीसेक

बोरामणीचा विचार झाला तेव्हा तर्क रास्त होता. होटगी रोडला धावपट्टी वाढवायला जागा नाही. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या सगळ्या बाजूंनी घरं आली आहेत. म्हणून शहराबाहेर, महामार्गालगत, मुरमाड उंचवट्याचा माळ निवडला. काळ्या मातीपेक्षा असा मुरूम आणि खालचा काळा पाषाण धावपट्टीच्या पायाला केव्हाही बरा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वरचं डांबर उकलतं. स्थापत्याच्या दृष्टीने जागा वाईट नाही.

महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीसाठी साडेपाचशे हेक्टरच्या आसपास खासगी जमीन घेण्यात आली. भूसंपादनाचा २०१३ चा नवा कायदा यायच्या आधीच हे काम सुरू झालं होतं. त्या आराखड्याच्या मधोमध तीसेक हेक्टर वनजमीन राहिली. एवढा लहानसा तुकडा, पण तो बाजूला ठेवून जुन्या आराखड्यातली धावपट्टी बसत नाही. गेली कित्येक वर्षं या प्रकरणात सर्वाधिक ऐकू आलेला शब्द आहे "निर्वनीकरण", म्हणजे त्या तुकड्याचा वनजमीन हा दर्जा काढणं.

वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राची मंजुरी लागते. शिवाय २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत विमानतळ प्रकल्प 'अ' वर्गात येतात, म्हणजे पर्यावरण मंजुरीही दिल्लीतून आणि त्याआधी जनसुनावणी. आणि सोलापूरच्या बाबतीत आणखी एक नाव येतंच, माळढोक. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा ते कागदावर सुमारे ८४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं आली, लोकांची घरबांधणी, विहिरी, सातबारे अडकले. पुढे ते सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. त्या काळातल्या अडवणुकीमुळे सोलापूर-नगर भागात माळढोक या नावाचाच लोकांना राग आला, आणि तो राग मी समजू शकतो. पण त्या पक्ष्याने कुणाचं काही अडवलं नव्हतं. आज जिल्ह्यात माळढोक दिसला तर बातमी होते, इतकी त्याची अवस्था आहे.

बोरामणीचा माळ बाहेरून पडीक दिसतो. सरकारी नोंदीत असल्या जमिनीला नापीक म्हणायची सवयच आहे. प्रत्यक्षात हा गवताळ प्रदेश आहे, लांडगा, काळवीट, खोकड, धाविक, हिवाळ्यात येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी यांचा. पक्षीनिरीक्षक तिथे उगाच जात नाहीत. विमानतळाच्या अभियंत्यानेही ही माहिती गंभीरपणे घ्यायला हवी, कारण जिथे शिकारी पक्षी मोठ्या संख्येने उतरतात तिथे विमानाच्या इंजिनाला पक्षी धडकण्याचा धोका असतो. पर्यावरण आणि विमान सुरक्षा हे इथे दोन वेगळे विषय उरत नाहीत.

एका बाबीकडे मात्र कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. वनजमीन वळती केली की बदल्यात पर्यायी वनीकरण करावं लागतं, आणि वनीकरण म्हणजे झाडं लावणं असा सरसकट अर्थ घेतला जातो. दुसऱ्या कुठल्या तरी माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया किंवा निलगिरी लावली, तर एक माळ विमानतळात गेला आणि दुसरा झाडांखाली. माळढोकाला, काळविटाला झाडं नकोत, लांबवर नजर जाईल असं गवत हवं. भरपाई द्यायचीच असेल तर ती गवताळ प्रदेश राखण्याच्या रूपाने द्यावी, असा आग्रह प्रस्तावातच धरायला हवा. आणि त्याच्याही आधी एक काम आहे. जुना आराखडा बाजूला ठेवून, वनजमीन वगळून धावपट्टी थोडी सरकवता किंवा कलवता येते का, हे वाऱ्याच्या आकडेवारीसह पुन्हा तपासावं. साडेपाचशे हेक्टर हाताशी असताना हा प्रयत्न न करता निर्वनीकरणाच्या मागे लागणं मला पटत नाही.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. २००८ च्या ग्रीनफिल्ड, म्हणजे मोकळ्या जागेवर नव्याने बांधायच्या, विमानतळांच्या धोरणानुसार चालू नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ साधारणपणे होत नाही. तसा प्रस्ताव आल्यास जुन्या विमानतळावर काय परिणाम होईल ते केंद्र स्वतंत्रपणे तपासतं. धोरणाखाली दोन टप्पे आहेत, आधी साइट क्लिअरन्स, म्हणजे जागेला मंजुरी, आणि मग तत्त्वतः मान्यता. केंद्राने अनेक वर्षं जी २१ नव्या विमानतळांची यादी सांगितली, तिच्यात महाराष्ट्रातले नवी मुंबई, शिर्डी, सिंधुदुर्ग होते. आपल्या शेजारचे कलबुर्गी आणि विजापूरही होते. सोलापूर नव्हतं. कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला. सव्वातीन किलोमीटरला थोडी कमी अशी लांब धावपट्टी, आणि उड्डाणं मोजकीच. बोरामणीपासून कलबुर्गी आणि विजापूर दोन्ही हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आसपास. होटगी रोड तर हाकेच्या अंतरावर. बोरामणीचा प्रस्ताव दिल्लीत गेला की पहिला प्रश्न हाच येणार, आणि त्याचं उत्तर भावनेने देता येत नाही.

उन्हाचं गणित

धावपट्टी किती लांब हवी, हा मुद्दा सोलापुरात विशेष आहे. हवा तापली आणि विरळ झाली की पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला जास्त धावावं लागतं. नियोजनासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेची एक सोपी पद्धत आहे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के वाढ, आणि त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा जेवढे अंश जास्त, तेवढे टक्के आणखी.

सोलापूरची उंची ४८० मीटरच्या आसपास धरू. त्याचे झाले ११ टक्के. या उंचीला प्रमाण तापमान १२ अंश, आणि मे महिन्यातलं आपलं सरासरी कमाल तापमान ४० अंश. फरक २८, म्हणून आणखी २८ टक्के. समुद्रसपाटीला २१०० मीटर लागणाऱ्या मध्यम जेटला सोलापुरात मेच्या दुपारी भरल्या वजनाने जवळपास तीन हजार मीटर लागतात. हीच पद्धत सांगते, की एकूण वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली तर सरधोपट गणितावर न थांबता स्वतंत्र अभ्यास करावा. आपली वाढ ४२ टक्के येते. आणि एटीआरसारख्या ज्या छोट्या, पंख्याच्या विमानाला मुळात साधारण तेराशे मीटर पुरतात, त्याला आपल्या उन्हात साडेअठराशेच्या आसपास लागतात. होटगी रोडवर ते का चालतं आणि १८० आसनी विमान पूर्ण भारासह का चालणार नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

म्हणून मोठं विमान हवं असेल तर बोरामणीला पर्याय नाही, हे मी मान्य करतो. फक्त एक लक्षात ठेवावं. आखातातली उड्डाणं बहुतेक रात्री किंवा पहाटे असतात आणि तेव्हा हवा निवलेली असते. तिथे धावपट्टीची लांबी जेवढी महत्त्वाची, तेवढीच रात्रीची उतरण्याची सोय, दिवे आणि उपकरणं. नुसते तीन हजार मीटर डांबर ओतून ते काम होत नाही.

"आंतरराष्ट्रीय" कशाने होतं

धावपट्टी लांब केली म्हणून विमानतळ आंतरराष्ट्रीय होत नाही. सीमाशुल्क कायद्याखाली अधिसूचना लागते, इमिग्रेशनची चौकी लागते, आरोग्य तपासणी आणि वनस्पती-प्राणी विलगीकरणाची व्यवस्था लागते, आणि हे सगळं मनुष्यबळ केंद्राच्या वेगवेगळ्या खात्यांनी द्यावं लागतं. त्यानंतर येतात हवाई हक्क. कोणत्या परदेशी कंपनीला भारतात कुठे उतरता येईल हे दोन देशांच्या करारात ठरतं. केरळमधलं कण्णूर बघा. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेला, ३०५० मीटर धावपट्टीचा, आखाताशी घट्ट नातं असलेल्या प्रदेशातला विमानतळ. तरी परदेशी कंपन्यांना तिथे उतरण्याचा हक्क मिळाला नाही आणि वर्षानुवर्षं तो भारतीय कंपन्यांच्याच आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर राहिला. उत्तर प्रदेशात कुशीनगर ऑक्टोबर २०२१ मध्ये "आंतरराष्ट्रीय" म्हणून उघडलं, पण बौद्ध देशांतल्या यात्रेकरूंची नियमित विमानं काही तिथे रुजली नाहीत. आपल्याच राज्यातल्या चिपीचं, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळाचं, उदाहरणही जवळचं आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं आणि त्यानंतर सेवा चालू-बंद होत राहिली.

सोलापूरच्या घोषणेतला हा शब्द मला म्हणूनच खटकतो. लोकांना दुबईचं विमान डोळ्यांसमोर दिसतं आणि त्यापायी मुंबई, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली ही रोजची गरज मागे पडते.

माणसं आणि माल

आता जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता, तो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख होती आणि शहराची साडेनऊ लाख. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर ही तीर्थं दोन-तीन तासांच्या आत. शिर्डीला विमानतळ चालला तर आपल्याकडे का नाही, असं लोक विचारतात. प्रश्न योग्य आहे, पण पंढरीचा वारकरी आणि शिर्डीचा शनिवार-रविवारचा प्रवासी यांचा खिसा आणि सवय वेगळी. आषाढीला लाखो माणसं येतात ती पायी, एसटीने, रेल्वेने. विमानाला हवा असतो वर्षभर थोडा थोडा येणारा प्रवासी. तो अक्कलकोट आणि तुळजापूरला जास्त मिळेल, हैदराबाद-बंगळूरहून. शिवाय पुण्याला आणि मुंबईला फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे. पुण्याचं विमान तिच्याशी स्पर्धा करू शकणार नाही.

थोडा हिशोब करू. पंचाहत्तर आसनांची विमानं दिवसाला चार वेळा येऊन गेली तर वर्षाला सव्वादोन लाखांच्या आत आसनं होतात. एवढं होटगी रोड झेपवू शकतो. वर्षाला दहा लाख प्रवासी हवे असतील, तर १८० आसनी विमानं ऐंशी टक्के भरून दररोज नऊ-दहा यायला आणि तेवढीच जायला हवीत. सव्वादोन लाखांपासून दहा लाखांपर्यंतची वाट ही खरी योजना. तिच्यात कोणत्या वर्षी काय बांधायचं हे ठरलं पाहिजे.

मालाबद्दल तर फारच ढोबळ बोललं जातं. टॉवेल आणि चादर हा सोलापूरचा मान आहे, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण टॉवेल जडही असतो आणि फुगीरही, त्यामुळे तो जातो कंटेनरने, समुद्रमार्गे. विमानाने जाणार नमुने आणि उशीर झालेल्या ऑर्डरी. अक्कलकोट रोडच्या कारखानदाराला विमान हवं आहे ते मालासाठी कमी आणि खरेदीदाराने सकाळी येऊन संध्याकाळी परत जावं यासाठी जास्त. ही गरज छोट्या विमानानेही भागते.

डाळिंबाची गोष्ट वेगळी. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबालाही मानांकन आहे, आणि ताजं फळ व सोललेले दाणे विमानाने जाऊ शकतात. मात्र अमेरिकेला जाणाऱ्या फळावर विकिरण प्रक्रिया करावी लागते आणि त्याची सोय पणन मंडळाकडे वाशीला आहे. फळ वाशीला न्यावंच लागणार असेल तर ते मुंबईहूनच उडेल, सोलापूरची धावपट्टी कितीही लांब असो. म्हणून विमानतळाच्या आधी किंवा निदान बरोबर पॅकहाउस, पूर्वशीतकरण, विकिरण आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचं कार्यालय जिल्ह्यात हवं. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरच्या बागायतदारांना याचा फायदा विमान येण्याआधीही होईल, रस्त्याने जाणारा मालही टिकेल. बोरामणीच्या बाजूने मला पटणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद फळांच्या मालवाहतुकीचा आहे, आणि नेमकं त्याच बाजूला काहीच बांधलेलं नाही.

आता काय

होटगी रोड सुरू झाल्याने बोरामणीची गरज संपली, असं म्हणणारेही भेटतात. मला उलट वाटतं. आजवर बोरामणीची मागणी अंदाजावर उभी होती, आता ती मोजता येईल. कोणत्या मार्गावर किती तिकिटं, प्रवासी बार्शीचा की धाराशिवचा की इंडीचा, व्हीजीएफ थांबल्यावर किती टिकले, हे सगळं दर महिन्याला जाहीर व्हावं. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्याने स्लॉटचं कारणही आता पूर्वीइतकं चालणार नाही. माझ्या मते उंबरठा असा असावा. व्हीजीएफशिवाय रोजची चार उड्डाणं दोन वर्षं सत्तर टक्क्यांवर भरली, की बोरामणीच्या पहिल्या टप्प्याची निविदा निघावी. तोवर साइट क्लिअरन्स, वाऱ्याचा आणि पक्ष्यांचा वर्षभराचा अभ्यास, सुधारित आराखडा आणि वनजमिनीचा निर्णय ही कागदी कामं पूर्ण झालेली असावीत. त्यांना पैसा फार लागत नाही, वेळ मात्र लागतो.

ज्यांनी जमिनी दिल्या त्यांचा विचार वेगळा करावा लागेल. सार्वजनिक कामासाठी म्हणून शेत सोडलं आणि इतकी वर्षं ते रिकामं बघावं लागलं, ही साधी गोष्ट नाही. काम सुरू होईपर्यंत माळावरचं गवत कापायचा आणि चारायचा हक्क त्याच दोन गावांना लिहून द्यावा. तसं केलं तर माळ गवताळ राहील, दुष्काळी वर्षांत चारा मिळेल आणि अतिक्रमणावर गावचीच नजर राहील. विमानतळ झाल्यावर नोकऱ्या, कंत्राटं, गाड्या लावण्याचं काम यांत त्या कुटुंबांचा वाटा किती, हे आत्ताच ठरावाने नक्की करावं.

आणि सगळ्यांच्या आधी उंचीचा नकाशा. विमानतळ प्राधिकरण रंगांच्या पट्ट्यांचा एक नकाशा बनवतं, कोणत्या गटात किती उंच बांधता येईल ते त्यावरून तलाठ्यालाही कळतं. तो बोरामणीसाठी बनवून प्रादेशिक आराखड्यात घालायला हवा, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लावायला हवा. हैदराबाद रस्त्याला एनए प्लॉट पडत आहेत, मोबाइलचे मनोरे आणि विजेच्या उच्चदाब वाहिन्या येत राहतील, उद्या एखादा कारखानाही येईल. परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर तो नकाशा आज नसेल, तर कुणीही चुकीच्या हेतूने न वागता कुमठ्यासारखीच दुसरी चिमणी बोरामणीजवळ उभी राहू शकते, आणि त्या वेळीही समोर आपलीच माणसं असतील.